मापाची

खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलं, ‘विकणे आहे’,
सुतळीनं हँडलला बांधलं
आणि गाडी फाटकाबाहेर काढली.
झिंगाबाई टाकळी, मे महिना,
सकाळी नऊलाच टाकीवर हात ठेववत नाही.

पहिल्यानं विचारलं, “सरांची का?”
दुसऱ्यानं, “मुलगा बाहेर गेला काय?”
तिसऱ्यानं चाकाला लाथ मारून पाहिली,
पाणी मागितलं, दोन ग्लास प्याला, गेला.

सांगण्यासारखं थोडंच होतं.
अकरा वर्षं. एकसष्ट हजार किलोमीटर.
त्यातले बरेचसे कोराडीच्या रात्रपाळीचे:
आत कंट्रोल रूममध्ये मी,
आकड्यांवर डोळा ठेवून,
बाहेर पत्र्याखाली ती,
सकाळपर्यंत अंगावर राखेची पातळ चादर.

शोरूममधून आणली तेव्हा
ती कुणा सहा फुटी माणसासाठी घडवलेली होती.
मी पाच फूट, वर अर्धा इंच
(हा अर्धा इंच मी कुठल्याच फॉर्मवर सोडला नाही).
मानकापूरच्या सिग्नलला उभी राहिले
की डांबराला नुसता अंगठा लागायचा,
आणि मागचे ट्रकवाले गंमत बघायचे.

मग गड्डीगोदामच्या मुश्ताकभाईनं
मला गाडीवर बसवलं
आणि ब्लाउज शिवणारीसारखी मापं घेतली.
हात ताठ करा, मॅडम. आता सैल सोडा.
हँडल चार इंच मागं.
पायदान अडीच इंच अलीकडं.
शॉकअप बुटके.
क्लच दोन बोटांत यावा असा.
जरीपटक्याच्या खेमचंदानीनं सीटचा फोम तासला;
तो सोफे करायचा,
म्हणाला, सोफ्यावर बसून कुणी ड्यूटीला जाताना पाहिलं नव्हतं.
टाकी डोंगरे पेंटरनं रंगवली, मळकट करड्या रंगात.
राख दिसायला नको, मी म्हटलं.
“म्हणजे धुणार नाही तुम्ही,” तो म्हणाला,
आणि खरंच, फारशी धुतली नाही.

रविवारी प्रणय ढोबळे आला, मानेवाड्याहून.
बसला, तर गुडघे हँडलला.
वळवली, तर हँडल पोटात.
“काकू, हे काय करून ठेवलं बाप्पा?
याच्यानं भाव वाढत नाही, पडते उलट.
ओरिजनल पार्ट आहेत का?”

होते ना. माळ्यावर,
अकरा वर्षांपूर्वीच्या पेपरात गुंडाळलेले,
एकही ओरखडा नसलेले,
लग्नात मिळालेल्या आणि कधीच न वापरलेल्या
भांड्यांसारखे.

मुश्ताकभाई आता थकलाय, चष्मा लागलाय.
दोन दिवस तो माझ्या अंगणात बसून
एकेक नट सोडवत होता.
मध्येच म्हणाला, “शिवायला पुष्कळ आले.
उसवायला तुम्हीच बोलावलं.”
मी त्याला लिंबूपाणी दिलं.
पैसे त्यानं निम्मेच घेतले
आणि त्यावरून आमचं थोडं भांडण झालं.

गाडी जुळली तेव्हा एकदा बसून पाहिली.
अंगठाच लागला.

प्रणयनं नोटा मोजून दिल्या, पाचशे कमी पडले,
ते सोडून दिले.
फाटकातून निघताना दोनदा बंद पाडली त्यानं,
तिसऱ्यांदा सुरू झाली
ती कंपनीच्या आवाजात,
कुणाचीही असू शकेल अशी.

कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहिलं,
मग आत येऊन डाळ चढवली.

बाकी सगळं माळ्यावर गेलं.
आजच्या पेपरात बांधलं.
हँडल तेवढं मावलं नाही,
म्हणून बाल्कनीत ठोकून घेतलं, टॉवेल वाळत घालायला.
पुतण्या हसतो. हसू दे.
रात्री पावणेदहाला,
म्हणजे पाळीला निघायच्या वेळी,
मी टॉवेल काढायला जाते
आणि तो
दोन्ही हातांनी काढते.